गाडीचे पासिंग: केंद्र शोधण्यापूर्वी आणि चाचणीला जाण्यापूर्वी

गाडीचे पासिंग करायचे असले की जवळचे केंद्र कोणते, हा प्रश्न आपण सर्वप्रथम विचारतो. वास्तविक त्याआधी आपल्या वाहनाला नेमकी कोणती तपासणी लागू आहे हे ठरवावे लागते, कारण रोजच्या बोलण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात: धुराची पीयूसी तपासणी, प्रवासी किंवा मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र आणि पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण. या तिन्हींची ठिकाणे, मुदती आणि शुल्क वेगवेगळे आहे. पीयूसी असली म्हणजे पासिंग झाले असे समजून वर्षानुवर्षे टेम्पो चालवणारे जसे भेटतात, तसेच नवी कोरी खासगी मोटार दरवर्षी परिवहन कार्यालयात दाखवावी लागते की काय, या चिंतेत असणारेही भेटतात. हे गैरसमज दूर झाले की केंद्र शोधण्याचे काम बरेच सोपे होते.

आपले वाहन कोणत्या वर्गात बसते

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा या साऱ्या नियमांचा पाया आहे आणि त्याखाली केंद्र सरकारने केलेले केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये तपशील दिलेले आहेत. कायदा वाहनांचे दोन मोठे वर्ग करतो. भाड्याने प्रवासी नेणारी रिक्षा, टॅक्सी आणि बस, मालवाहू टेम्पो आणि ट्रक, शाळा-महाविद्यालयांच्या बसगाड्या आणि कंपनीच्या कामगारांची ने-आण करणारी वाहने ही परिवहन वाहने होत. घरच्या वापराची मोटार, स्कूटर, मोटारसायकल ही परिवहनेतर वाहने. नोंदणी प्रमाणपत्र हाताशी नसेल तर क्रमांकाच्या पाटीवरूनही हे ओळखता येते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेले वाहन खासगी असते आणि पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेले वाहन परिवहन वर्गातले असते. विजेवर चालणाऱ्या वाहनांची पाटी हिरवी असते, पण तिच्यावरची अक्षरे पांढरी असतील तर वाहन खासगी आणि पिवळी असतील तर व्यावसायिक, असा फरक केलेला आहे.

परिवहन वाहनाच्या बाबतीत कायद्याचे कलम ५६ अत्यंत महत्त्वाचे आहे आणि त्यातील मुद्दा वाहनमालकांना अनेकदा पुरेसा उमगलेला नसतो. वैध योग्यता प्रमाणपत्र नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध नाही, असे हे कलम मानते. म्हणजे प्रमाणपत्राची मुदत संपलेला ट्रक रस्त्यावर आणणे हे कायद्याच्या दृष्टीने नोंदणी नसलेला ट्रक चालवण्यासारखेच आहे, आणि म्हणून दंडही नोंदणी नसलेले वाहन चालवण्याबद्दलच्या कलमाखाली होतो: पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० ते ५,००० रुपये आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कारावास. अपघात झाला तर परिणाम याहून गंभीर होतात. विमा कंपनी वाहनाच्या नुकसानीचा दावा याच कारणावरून अडवू शकते, आणि जखमी व्यक्तीला भरपाई दिल्यानंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा आग्रहही न्यायालयात धरू शकते.

मुदतीचा हिशेब असा आहे. कारखान्यातून पूर्ण बांधणी होऊन आलेल्या नव्या परिवहन वाहनाला नोंदणीच्या वेळी वेगळी तपासणी लागत नाही, कारण नोंदणीच्या तारखेपासून दोन वर्षे ते योग्य असल्याचे नियमच गृहीत धरतो. त्यानंतर वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत प्रमाणपत्राचे नूतनीकरण एका वेळी दोन वर्षांसाठी होते आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी करावे लागते. हा बदल २०१८ च्या अखेरीस झाला. त्याआधी पहिल्या दोन वर्षांनंतर प्रत्येक वाहनाला दरवर्षी जावे लागत असे, आणि म्हणून जुने चालक अजूनही ‘वर्षाचे पासिंग’ असेच म्हणतात.

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. तोपर्यंत मालकाला योग्यता तपासणीसाठी कोठेही जावे लागत नाही. विमा आणि पीयूसी चालू ठेवणे एवढेच पुरते. पंधरा वर्षे पूर्ण होताना नमुना २५ मध्ये नूतनीकरणाचा अर्ज करून वाहन प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावे लागते आणि ते योग्य आढळल्यास नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी वाढते. हा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो. या साठ दिवसांचा पुरेपूर उपयोग करावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण उशीर झाल्यास दुचाकीला दरमहा ३०० रुपये आणि अन्य खासगी वाहनांना दरमहा ५०० रुपये जादा शुल्क लागते आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरला जातो.

पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी भंगारात द्यावी लागते, ही समजूत महाराष्ट्रात फार पसरलेली आहे. तिचे मूळ दिल्लीत आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिल्ली व परिसरातील दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तो निर्बंध दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता होता. महाराष्ट्रात तपासणीत उत्तीर्ण होणारी सोळा किंवा बावीस वर्षांची खासगी मोटार कायदेशीररीत्या चालवता येते. सरकारी वाहनांची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य आणि सार्वजनिक उपक्रमांच्या पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले.

वयाची मर्यादा आणि योग्यता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मुंबईच्या टॅक्सीवरून स्पष्ट होते. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सेवेतून गेली. तिची यंत्रणा कितीही उत्तम राखलेली असती तरी तिला टॅक्सी म्हणून पुढे चालता आले नसते. उलट, वयाच्या मर्यादेत असलेली पण ब्रेक निकामी झालेली टॅक्सीही रस्त्यावर येऊ शकत नाही.

पीयूसी हा सर्वांत सोपा आणि सर्वांना लागू असलेला भाग आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. नव्या वाहनाला पहिल्या नोंदणीपासून एक वर्षाने पीयूसी प्रमाणपत्र लागते. बीएस-४ (भारत स्टेज-४) आणि त्यापुढील प्रदूषण मानकांच्या वाहनांसाठी ते एक वर्ष आणि त्याहून जुन्या वाहनांसाठी सहा महिने वैध असते. ते अधिकृत पीयूसी केंद्रावर मिळते आणि अशी केंद्रे बहुतेक पेट्रोल पंपांवर असतात. त्यासाठी परिवहन कार्यालयात जाण्याची गरज नाही. प्रमाणपत्र नसल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केवळ बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाला धूरच नसल्याने ही तपासणी लागत नाही, पण योग्यता तपासणीतून त्याची सुटका होत नाही.

केंद्र कसे शोधावे

योग्यता तपासणी कोठे होणार हे दोन गोष्टींवर ठरते: वाहन कोणत्या कार्यालयाच्या नोंदवहीत आहे आणि त्या कार्यक्षेत्रात स्वयंचलित चाचणी स्थानक, म्हणजे यंत्रांनी तपासणी करणारे केंद्र, सुरू झाले आहे की नाही.

महाराष्ट्रात प्रत्येक वाहनाच्या क्रमांकातील पहिले अंक त्याचे मूळ नोंदणी कार्यालय दाखवतात. एमएच १२ म्हणजे पुणे, एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड, एमएच १५ म्हणजे नाशिक, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर. मात्र वाहन नंतर दुसऱ्या जिल्ह्यात हस्तांतरित झाले असेल तर क्रमांक तोच राहतो आणि कार्यालय बदललेले असते, त्यामुळे निव्वळ पाटीवर विसंबू नये. नोंदणी प्रमाणपत्रावर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये वाहनाचा क्रमांक टाकल्यावर जे कार्यालय दिसते ते खरे. पत्ता बदलला असूनही नोंद बदललेली नसेल तर ती आधी बदलून घ्यावी. कायद्याने त्यासाठी तीस दिवसांची मुदत दिलेली आहे, पण नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत ती फारच थोडे लोक पाळतात आणि मग पुण्यात राहणाऱ्या माणसाला एका स्कूटरसाठी नागपूरला जाण्याची वेळ येते. गोव्यात हेच काम परिवहन संचालनालयाच्या तालुकानिहाय कार्यालयांतून चालते.

अर्ज कागदावर नेऊन देण्याची पद्धत आता जवळजवळ संपली आहे. केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावरील ‘वाहन’ प्रणालीत वाहनाचा क्रमांक आणि चॅसी क्रमांकाचे शेवटचे पाच अंक भरले की नोंदवलेल्या मोबाइलवर सांकेतिक क्रमांक येतो आणि त्यानंतर उपलब्ध सेवा दिसतात. शुल्क भरल्यावर तारीख आणि वेळ निवडावी लागते, आणि आपल्याला कोठे जायचे आहे हे याच टप्प्यावर कळते. माझ्या मते केंद्र शोधण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग हाच आहे. नकाशाच्या ॲपमध्ये ‘फिटनेस सेंटर’ शोधल्यास व्यायामशाळा, दलालांची दुकाने आणि बंद पडलेली केंद्रे एकाच यादीत येतात, आणि त्यांतील कोणते केंद्र आपल्या वाहनाला चालेल हे त्या यादीवरून कळत नाही. नोंदवहीतील मोबाइल क्रमांक जुना असेल तर पुढची प्रत्येक पायरी अडते, म्हणून तो सर्वांत आधी अद्ययावत करावा.

आता स्वयंचलित स्थानकांविषयी. पूर्वी सर्वत्र, आणि आजही अनेक ठिकाणी, मोटार वाहन निरीक्षक स्वतः वाहन पाहून, थोडे चालवून आणि ब्रेक लावून निर्णय देतो. एका निरीक्षकाकडे दिवसभरात येणारी वाहने पाहता ही तपासणी किती बारकाईने होत असेल, हा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वी विचारला गेला. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि न्यायालयाने परिवहन कार्यालयांना ब्रेक तपासणीसाठी २५० मीटर लांबीची धावपट्टी उभारण्याचे आदेश दिले. एवढी लांबी लागते, कारण भरलेल्या ट्रकला पुरेसा वेग घ्यायला, मग पूर्ण ब्रेक लावून थांबायला आणि थांबेपर्यंतचे अंतर मोजायला जागा हवी. कार्यालयाच्या आवारात दहा पावले पुढे-मागे करून ब्रेकची परीक्षा होत नाही. अशी धावपट्टी नसलेल्या कार्यालयांनी नोव्हेंबर २०१७ पासून योग्यता प्रमाणपत्रे देऊ नयेत, असेही न्यायालयाने बजावले. पुण्यातील अवजड वाहनांना सासवडजवळच्या दिवे येथे जावे लागते, यामागेही अशा धावपट्टीचीच गरज आहे. गैरसोय झाली हे खरे, पण मागणी रास्त होती, असे मला ठामपणे वाटते.

पुढचे पाऊल केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये उचलले आणि स्वयंचलित चाचणी स्थानकांची मान्यता, नियमन आणि नियंत्रण यांसाठी नवे नियम केले. या स्थानकांत यंत्रे मापन करतात आणि निकाल थेट संगणकात जातो, म्हणजे ब्रेक पुरेसा आहे की नाही हे कोणाच्या मतावर ठरत नाही. त्या नियमांतील एक तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते: असे स्थानक चालवणाऱ्याला तेथे वाहनदुरुस्ती करता येत नाही किंवा वाहने आणि सुटे भाग विकता येत नाहीत. तपासणाराच दुरुस्ती करणारा असेल तर दोष नसताना दोष दाखवण्याचा मोह निर्माण होतो. तो टाळण्यासाठी ही विभागणी आहे. तेव्हा एखाद्या स्थानकात ‘हे इथेच बदलून घ्या, लगेच पास करू’ असे सांगितले गेले, तर ते नियमाला धरून नाही, एवढे ग्राहकाने जाणावे. नाशिकमध्ये केंद्राच्या योजनेतून यंत्रांवर आधारित तपासणी केंद्र या नियमांच्या आधीच सुरू झाले होते. इतरत्र स्थानके हळूहळू उभी राहत आहेत, आणि ती पुरेशी नसल्यामुळेच यंत्रतपासणीच्या सक्तीची मुदत एकाहून अधिक वेळा पुढे ढकलावी लागली.

चाचणीत नेमके काय पाहतात

तपासणीची सुरुवात ओळख पटवण्यापासून होते. चॅसीवर आणि इंजिनवर कोरलेला क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळतो का, वाहनाचा रंग, इंधनाचा प्रकार, आसनसंख्या आणि ट्रकच्या हौद्याची मापे नोंदीप्रमाणे आहेत का, हे पाहिले जाते. येथे बरीच वाहने अडकतात. बाहेरून बसवलेला सीएनजी संच नोंदणी प्रमाणपत्रावर चढवलेला नसणे, हे नेहमीचे कारण आहे. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते, आणि ते प्रमाणपत्र जुने असेल तरी अडचण येते. एक एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांक पाटी बसवणे महाराष्ट्रात आवश्यक केले आहे, म्हणून तीही आधीच बसवलेली असावी.

त्यानंतर ब्रेक. स्वयंचलित स्थानकात एका आसाची दोन्ही चाके फिरत्या रुळांच्या जोड्यांवर उभी करतात. विजेच्या मोटारीच्या जोरावर हे रूळ चाकांना फिरवतात आणि चालक सावकाश ब्रेक दाबतो. प्रत्येक चाक रुळाला किती विरोध करते हे स्वतंत्रपणे मोजले जाते. सर्व चाकांच्या विरोधाची बेरीज वाहनाच्या वजनाशी ताडून ब्रेकची क्षमता टक्क्यांत काढतात. पण याहून मोलाची माहिती डाव्या आणि उजव्या चाकांतील फरकातून मिळते. जोडीतला एक बैल थांबला आणि दुसरा चालतच राहिला तर बैलगाडी जशी जागच्या जागी वळते, तसे एका बाजूचा ब्रेक अधिक धरल्यास वाहन त्या बाजूला ओढले जाते. कोरड्या रस्त्यावर चालक स्टिअरिंग घट्ट धरून हे सावरतो आणि त्याला सवय होऊन जाते. पावसाळ्यात घाटातल्या उतारावर हीच सवय घात करते. धावपट्टीवरच्या चाचणीत थांबण्याचे अंतर कळते, पण कोणते चाक कमी पडते आहे हे रुळांवरच आकड्यांत दिसते. म्हणून ब्रेकचा निकाल केवळ उत्तीर्ण आहे एवढे पाहून न थांबता प्रत्येक चाकाचे आकडे वाचावेत आणि ते आपल्या मेकॅनिकला दाखवावेत.

स्टिअरिंग आणि पुढच्या चाकांसाठी दोन चाचण्या असतात. एकीत वाहन एका सरकत्या पट्टीवरून सरळ नेतात आणि चाके पट्टीला बाजूला किती ढकलतात हे पाहतात. हे मापन मीटर प्रति किलोमीटर असे सांगितले जाते. आकडा जास्त आला तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असते आणि टायर एका कडेने झिजत असतात. दुसऱ्या चाचणीत पुढची चाके हलत्या पाट्यांवर उभी करून त्या पाट्या डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवतात, आणि खड्ड्यात उभा असलेला तपासनीस खालून सांध्यांतील ढिलेपणा पाहतो. बॉल जॉइंट किंवा टाय रॉडचे टोक सैल झालेले असेल तर ते येथे उघडे पडते. चालकाच्या आसनावर बसून हा दोष बरेच दिवस जाणवत नाही.

हेडलाइटच्या बाबतीत प्रकाश किती आहे यापेक्षा तो कोठे पडतो, याला अधिक महत्त्व आहे. आठ मीटर अंतरावर उभ्या असलेल्या आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत, अशी अपेक्षा नियमांत आहे. बाजारात मिळणारे झगझगीत पांढरे दिवे मूळच्या परावर्तकात बसवले की किरण विस्कटतात आणि समोरच्याला काहीच दिसेनासे होते. असे दिवे काढून मूळ दिवे लावावेत, आणि ते चाचणीपुरते नव्हे तर कायमचे.

डिझेल वाहनाच्या धुराची चाचणी करताना इंजिन मोकळे ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबतात आणि बाहेर पडणाऱ्या धुराची अपारदर्शकता मोजतात. बीएस-४ पूर्वीच्या वाहनांसाठी मर्यादा ६५ हार्ट्रिज (अपारदर्शकतेचे एकक) आणि बीएस-४ साठी ५० हार्ट्रिज आहे. ही चाचणी इंजिन तापलेले असताना, तेलाचे तापमान किमान ६० अंश सेल्सिअस असताना करायची असते. थंड इंजिन जास्त धूर सोडते, म्हणून केंद्रावर पोहोचून तासभर गाडी बंद ठेवली असेल तर आपला क्रमांक येण्यापूर्वी ती काही वेळ चालू ठेवावी. पेट्रोल वाहनात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात.

बाकीच्या गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या जातात आणि त्या घरीच दुरुस्त करता येण्यासारख्या असतात: सर्व दिवे, ब्रेकचा लाल दिवा, दिशादर्शक, हॉर्न, वायपर, आरसे, काचा, सीट बेल्ट, गळके सायलेन्सर. टायरच्या नक्षीची खोली मोटारीसाठी आणि अवजड वाहनांसाठी किमान १.६ मिलिमीटर, तर दुचाकी-तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर असावी लागते. मालवाहू वाहनावर परावर्तक पट्ट्या लागतात, पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी. उसाचा हंगाम सुरू असलेल्या कोणत्याही रस्त्यावर रात्री प्रवास केलेल्या माणसाला या पट्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. बहुतेक व्यावसायिक वाहनांना ताशी ८० किलोमीटरवर वेग रोखणारे वेगनियंत्रक लागते आणि ते चालू आहे की नुसते बसवून ठेवले आहे, हेही तपासता येते.

काही मालक पासिंगपुरते चांगले टायर आणि परावर्तक उसने आणतात आणि परत जाताना काढून देतात. हे इतके सर्रास चालते की त्यात कोणाला काही वावगेही वाटेनासे झाले आहे. प्रमाणपत्र त्या दिवशीच्या टायरांना मिळते आणि पुढचे वर्षभर रस्त्यावर झिजलेले टायर धावतात. यात फसवणूक परिवहन कार्यालयाची होत नाही. त्या टेम्पोच्या मागे-पुढे असलेल्या दुचाकीस्वारांची होते.

कागदपत्रे, शुल्क आणि निकाल

सोबत नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याचा पुरावा आणि आधीचे योग्यता प्रमाणपत्र न्यावे. परिवहन वाहनाला परवानाही लागतो. प्रलंबित ई-चलन आणि थकलेला कर अर्ज करण्यापूर्वीच पाहून घ्यावा. पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांना महाराष्ट्रात नूतनीकरणाच्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो, आणि तो न भरल्याने अर्ज मध्येच थांबण्याचे प्रकार बरेच होतात.

जुन्या वाहनांचे शुल्क गेल्या काही वर्षांत वाढले आहे आणि ते मुद्दाम वाढवलेले आहे, जेणेकरून लोकांनी जुनी वाहने मोडीत काढावीत. एक एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाला १,००० रुपये आणि मोटारीला ५,००० रुपये लागू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील वाहनांसाठी ही रक्कम दुप्पट, म्हणजे अनुक्रमे २,००० आणि १०,००० रुपये करण्यात आली. परिवहन वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र उशिरा घेतल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्काची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. या आकारणीविरुद्ध २०२४ मध्ये महाराष्ट्रात रिक्षा आणि टॅक्सी संघटनांनी आंदोलने केली, आणि दिवसाच्या मिळकतीवर जगणाऱ्या रिक्षाचालकासाठी हा आकडा किती मोठा आहे, हे लक्षात घेतले तर तो संताप समजण्यासारखा होता. आपल्या वाहनाला आज लागू असलेली रक्कम अर्ज भरताना प्रणालीच दाखवते. दलालाने सांगितलेल्या रकमेशी ती ताडून पाहावी आणि पावती आपल्या नावाची घ्यावी. दलाल नेमला तरी तपासणीच्या दिवशी स्वतः किंवा आपला नेहमीचा चालक हजर असावा, कारण तपासनीस जे दोष सांगतो ते ऐकणारा माणूस तो वाहन चालवणाराच असला पाहिजे.

वाहन अनुत्तीर्ण झाले तर दोषांची नोंद मिळते. ते दुरुस्त करून फेरचाचणीचे शुल्क भरून पुन्हा जाता येते. मात्र दुरुस्ती खर्चाच्या मानाने परवडणारी नसेल तर वाहन नोंदणीकृत मोडतोड केंद्रात देऊन जमा प्रमाणपत्र घेता येते, आणि त्यावर नवे वाहन घेताना करात सवलत मिळू शकते. केंद्रीय नियमांत खासगी वाहनासाठी ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत आणि परिवहन वाहनासाठी १५ टक्क्यांपर्यंत ठेवण्याची मुभा राज्यांना दिलेली आहे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला गाडी देऊन नोंदणी रद्द न करणे ही मात्र धोक्याची गोष्ट आहे, कारण त्या क्रमांकाने पुढे जे घडेल त्याचे उत्तर नोंदवहीतील मालकाला द्यावे लागते.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या बाबतीत उलट अनुभव येतो. तेथे खासगी मोटारीलाही तीन वर्षांनंतर दरवर्षी एमओटी चाचणी लागते, ती निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण असलेल्या अधिकृत गॅरेजमध्ये होते आणि तेच गॅरेज दुरुस्तीही करू शकते. ही मुभा असूनही व्यवस्था टिकते, कारण मे २०१८ पासून दोषांची धोकादायक, मोठे आणि किरकोळ अशी वर्गवारी लेखी द्यावी लागते आणि कोणत्याही वाहनाचा चाचणीचा इतिहास कोणालाही क्रमांक टाकून मोफत पाहता येतो. आपल्याकडे मुदतीची तारीख दिसते, पण चाचणीत कोणते दोष निघाले होते हे दुसऱ्याला दिसत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यासाठी ही उणीव मोठी आहे, आणि यंत्रांचे निकाल आता संगणकातच जात असल्यामुळे ती भरून काढणे अवघड नाही.

जेवढे दिसते तेवढे मात्र प्रत्येकाने पाहावे. एम-परिवहन ॲपमध्ये वाहनाचा क्रमांक टाकला की योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी यांच्या मुदती कळतात. मुलांना शाळेत नेणारी व्हॅन किंवा बस यासाठी हे आवर्जून करावे. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि शाळा सुरू होण्यापूर्वी उन्हाळी सुट्टीत परिवहन विभाग त्यांची फेरतपासणीही करतो, पण पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून मुले नेली जात असतील तर ती गाडी या साऱ्या तपासणीच्या बाहेरच राहते. मुदत चालू असूनही वाहनाची अवस्था वाईट दिसत असेल, तर परिवहन कार्यालयाकडे क्रमांकासह लेखी तक्रार करता येते: कलम ५६ खाली सक्षम अधिकाऱ्याला, वाहन नियमांची पूर्तता करत नाही असे आढळल्यास, दिलेले योग्यता प्रमाणपत्र लेखी कारणे नोंदवून मुदतीआधीही रद्द करण्याचा अधिकार आहे.